छोट्या कॅमेऱ्यातून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर का गेला, आणि आता काय घ्यावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे वीसएक वर्षांपूर्वी घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा होता आणि त्याच्या मागच्या बाजूस डोळा लावून पाहण्याची लहानशी काच, म्हणजेच ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर, होती. तो बंद पडल्यावर नवा घ्यायला गेलात, तेव्हा दुकानदाराने असे कॅमेरे आता येतच नाहीत असे सांगून टाकले. मागच्या स्क्रीनवर आपल्याला उन्हात काही दिसत नाही, आणि चाळिशी लागल्यामुळे दर फोटोला चष्म्याची काढघाल करावी लागते. कंपन्यांनी केवळ पैसे वाचवण्यासाठी ही सोय काढली का, आणि जुना कॅमेरा शोधून घेणे शहाणपणाचे ठरेल का, असे आपण विचारले आहे.

कॅमेरे उघडून दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या काचेची आतली बाजू मी बरीच पाहिली आहे. आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. मात्र तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, असे मला वाटते. कॅमेरा डोळ्याला लावून फोटो काढता येणे ही आपली खरी गरज आहे. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर हे ती गरज भागवणारे एक विशिष्ट साधन होते, आणि झूम असलेल्या छोट्या कॅमेऱ्यांमध्ये ते साधन क्वचितच चांगल्या प्रतीचे असे. ते का गेले हे समजले, की काय शोधायचे हे आपोआप ठरते, म्हणून आधी कारणांकडे वळतो.

फिल्मच्या काळातील ज्या साध्या कॅमेऱ्यांना एकाच फोकल लेंग्थची, म्हणजे झूम नसलेली, लेन्स असे, त्यांचा व्ह्यूफाइंडर अगदी सोपा होता. पुढे एक अंतर्गोल भिंग, डोळ्याशी एक बहिर्गोल भिंग, आणि मधे मोकळी जागा. दृश्य सरळ आणि लखलखीत दिसे. लेन्सला झूम आला, तसा व्ह्यूफाइंडरलाही झूम द्यावा लागला, आणि तिथून हा भाग अवघड होत गेला. झूम व्ह्यूफाइंडरमध्ये पुढची भिंगे आत एक उलटी प्रतिमा तयार करतात, प्रिझम ती सुलटी करतात, आणि मग डोळ्याजवळचे भिंग ती मोठी करून दाखवते. हे सगळे लेन्सच्या वर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या एका छोट्या ठोकळ्यात कोंबलेले असते. मुख्य लेन्सची मोटर फिरली, की तिच्या गिअरमधून गती घेऊन एक खाचांची पट्टी किंवा चकती हलते आणि व्ह्यूफाइंडरमधली दोन-तीन भिंगे पुढेमागे सरकतात. भिंगे इतकी लहान असतात, की दृश्य दाराच्या भिंगातून पाहुणा पाहावा तसे दूर आणि आकसलेले दिसते.

या ठोकळ्याला मुख्य लेन्समधून काय दिसते आहे याचा पत्ताच नसतो. तो केवळ अंदाज दाखवतो, आणि हा अंदाज झूमच्या प्रत्येक टप्प्यावर आणि प्रत्येक अंतरावर सुरक्षित ठरला पाहिजे. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसलेली गोष्ट फोटोत आलीच नाही, तर ग्राहक चिडतो. न दिसलेली एखादी जास्तीची गोष्ट आली, तर तो चालवून घेतो. म्हणून बनवणारे चौकट मुद्दाम आखूड ठेवत. कॅननच्या जी१० ते जी१२ या त्या काळच्या वरच्या दर्जाच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतही व्ह्यूफाइंडरची व्याप्ती, म्हणजे फोटोत येणाऱ्या दृश्यापैकी काचेत दिसणारा भाग, सुमारे ७७ टक्केच होती. शिवाय वाइडला, म्हणजे झूम न करता रुंद दृश्य घेताना, लेन्सची नळी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात डोकावत असे. फोटो काढणाऱ्याला कडेचे काय येणार हे कळत नसे, आणि घरी गेल्यावर कोपऱ्यात कोणाचा तरी हात किंवा विजेची तार सापडे.

पॅरलॅक्स, म्हणजे काच आणि लेन्स वेगवेगळ्या जागी असल्यामुळे दृश्यात पडणारा फरक, हा दुसरा दोष. व्ह्यूफाइंडर आणि लेन्स यांच्या मध्यांत समजा चार सेंटीमीटरचे अंतर आहे. तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो २८ मिलिमीटरच्या वाइडला काढला, तर चौकटीत सुमारे पावणेतीन मीटर उंचीचे दृश्य मावते, त्यामुळे चार सेंटीमीटरचा फरक जेमतेम दीड टक्का भरतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अर्ध्या मीटरवर ताटाचा फोटो काढताना तोच फरक नऊ टक्क्यांच्या आसपास जातो. आणि मॅक्रोमध्ये पाच सेंटीमीटरवरच्या फुलाचा फोटो काढायचा म्हटला, तर चौकटीची उंचीच साडेचार सेंटीमीटरच्या जवळपास असते, म्हणजे व्ह्यूफाइंडर पाहून नेम धरलेले फूल फोटोत जवळजवळ नसतेच. कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत जवळच्या फोटोसाठी स्क्रीन वापरा असे लिहिलेले असे, ते याच कारणासाठी.

आता स्क्रीनची बाजू पाहू. १९९५ साली आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याला मागे १.८ इंचाची स्क्रीन होती आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर नव्हताच. म्हणजे व्ह्यूफाइंडरशिवायचा डिजिटल कॅमेरा ही उतरत्या काळातली काटकसर नव्हती. ही कल्पना घरगुती डिजिटल कॅमेऱ्यांच्या सुरुवातीपासूनच होती. स्क्रीन लहान, अंधूक आणि बॅटरी खाणारी होती तोवर दोन्ही गोष्टी शेजारी नांदल्या. पुढे स्क्रीन वाढत गेली आणि हिशेब अगदी मिलिमीटरांवर आला. ४:३ प्रमाणातली १.८ इंचाची स्क्रीन सुमारे २७ मिलिमीटर उंच असते, अडीच इंचाची ३८ आणि तीन इंचाची ४६. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याची एकूण उंचीच ५५ ते ६० मिलिमीटर असते. स्क्रीनच्या चौकटीची कड सोडली, तर तीन इंचांच्या स्क्रीनच्या वर डोळ्याच्या काचेसाठी जागा उरत नाही. दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन कॅमेऱ्यांपैकी मोठ्या स्क्रीनचा आधी विकला जाई, हे त्या काळी कोणत्याही विक्रेत्याने सांगितले असते.

त्यातच झूमची शर्यत सुरू झाली. ३५ ते १०५ मिलिमीटरच्या तीन पट झूमबरोबर चालणारा व्ह्यूफाइंडर बनवणे सोपे होते. २८ ते १४० च्या पाच पटीपर्यंत ते कसेबसे जमले. दहा किंवा बारा पटीला ते त्या आकारात जमण्यासारखे राहिले नाही. पॅनासॉनिकने २००२ मध्ये बारा पट झूमचा एफझेड१ आणला तेव्हा त्यात इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहण्याची इवलीशी स्क्रीन, घातला, आणि २००६ मध्ये खिशातला दहा पट झूमचा टीझेड१ आणला तेव्हा त्यात कोणताच व्ह्यूफाइंडर ठेवला नाही. याशिवाय चेहरा ओळखून फोकस करणे, उजेड-अंधाराचा अंदाज आधीच दाखवणे, पांढऱ्या रंगाचा तोल दाखवणे या सगळ्या नव्या सोयी स्क्रीनवरच दिसत होत्या; त्या छोट्या काचेत फोकस झाल्याचे कळायचे ते शेजारच्या हिरव्या दिव्यावरून.

तेव्हा पैसे वाचवले का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी होय असे आहे. भिंगे, प्रिझम आणि गिअर कमी झाले, जोडणीच्या वेळी चौकट जुळवण्याचे काम वाचले. परंतु ग्राहकांना ती काच हवी होती आणि कंपन्यांनी ती हिरावून घेतली, हे चित्र माझ्या अनुभवाशी जुळत नाही. त्या वर्षांत लेन्स अडकली म्हणून कॅमेरे माझ्याकडे येत, आणि उघडल्यावर अनेकदा व्ह्यूफाइंडरच्या आत बुरशीचे जाळे सापडे. मुंबईच्या दमट हवेत त्यात नवल नाही. नवल याचे, की बहुतेक मालकांना त्याची कल्पनाही नसे, कारण कॅमेरा घेतल्यापासून त्यांनी त्या काचेला कधी डोळाच लावलेला नसे.

ज्या कंपन्यांनी ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर मनावर घेतला, त्यांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. फुजीफिल्मने २०११ मध्ये एक्स१० आणला. त्याचा व्ह्यूफाइंडर मोठा, स्वच्छ आणि झूमबरोबर हलणारा होता, तरी व्याप्ती ८५ टक्केच होती आणि आत कोणतीही माहिती दिसत नसे. २०१३ च्या एक्स२० मध्ये त्यांनी त्याच काचेत एक पातळ पारदर्शक पटल बसवले, त्यामुळे शटरचा वेग, अ‍ॅपर्चर आणि फोकसची जागा दृश्यावरच दिसू लागली. माझ्या मते झूम असलेल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात आलेला हा सर्वांत विचारपूर्वक केलेला ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर होता. आणि पुढच्याच वर्षी, २०१४ च्या एक्स३० मध्ये, त्याच कंपनीने तो काढून इलेक्ट्रॉनिक बसवला. निकॉनची वाटही तीच: २०११ च्या पी७१०० मध्ये ऑप्टिकल, २०१२ च्या पी७७०० मध्ये काहीच नाही, २०१३ च्या पी७८०० मध्ये इलेक्ट्रॉनिक. व्ह्यूफाइंडर काढल्यावर लोकांनी तो मागितला, हे पी७८०० वरून दिसते; पण परत आला तो वेगळ्या रूपात.

कॅननने सर्वांत जास्त काळ धीर धरला. स्वस्त ए मालिकेत २०१३ च्या ए१४०० पर्यंत आणि जी मालिकेत त्याच वर्षीच्या जी१६ पर्यंत ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर राहिला. त्यानंतर झूमबरोबर हलणारी ती काच नव्या कॅमेऱ्यांतून जवळजवळ नाहीशीच झाली. मोबाइलमुळे छोट्या कॅमेऱ्यांची बाजारपेठच तोपर्यंत कोसळू लागली होती. २०१० मध्ये जगभरात सर्व प्रकारचे मिळून सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले गेले होते, त्या उंचीच्या जवळपासही हा धंदा पुन्हा गेला नाही. कमी खपाच्या वस्तूसाठी कोणी नवा गुंतागुंतीचा ठोकळा आखत नाही.

एवढे सांगितल्यावर काय गमावले हेही मान्य केले पाहिजे, आणि इथे मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. कॅमेरा कपाळाला टेकवून, कोपर छातीशी घेऊन काढलेला फोटो हात लांब करून काढलेल्या फोटोपेक्षा स्थिर येतो. लेन्सच्या स्थिरीकरणाने ही उणीव बरीच भरून निघते, पण लांब झूमला ती जाणवतेच. भर दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात असते आणि त्यापुढे साधी स्क्रीन आरशासारखी चमकते. एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. स्क्रीन बंद ठेवून काचेतून फोटो काढले, तर एका चार्जवर दुपटीहून अधिक फोटो निघत. आणि जुन्या कॅमेऱ्यांची स्क्रीन फोकस करताना क्षणभर गोठत असे, काचेतले दृश्य मात्र कधी थांबत नसे. धावत्या मुलांचे फोटो काढणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक आहे.

आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा चाळिशीचा आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. स्क्रीन डोळ्यांपासून तीस-चाळीस सेंटीमीटरवर असते, आणि नेमके तेच अंतर चाळिशीनंतर अंधूक होते. व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा डोळ्याला साधारण एक मीटर किंवा त्याहून दूर असल्यासारखी भासते, म्हणून ती जवळच्या चष्म्याशिवाय दिसते. आपल्याला ती काच आवडायची याचे खरे कारण बहुधा हेच असावे. पण ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरने आपले काम अर्धेच होते. फोटो काढून झाल्यावर तो नीट आला का, डोळे मिटले का, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) किती आहे, हे पाहायला पुन्हा स्क्रीनच लागते आणि त्यासाठी पुन्हा चष्मा. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य, मेनू आणि काढलेला फोटो या तिन्ही गोष्टी डोळा न हलवता आतच दिसतात, आणि शेजारचे डायऑप्टरचे चाक फिरवून प्रतिमा आपल्या नजरेला जुळवून घेता येते. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या ऑप्टिकल काचेला हे चाक बहुधा नसे; कॅननच्या जी मालिकेसारख्या वरच्या कॅमेऱ्यांना ते होते. केवळ ऊन आणि चाळिशी या दोन अडचणींचा विचार केला, तर मी आपल्याला निःसंकोच चांगला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सुचवेन.

अर्थात काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपण प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. आपल्याला झूम हवाच आहे का? कॅमेरा खिशात मावला पाहिजे की छोटी पिशवी चालेल? दूरच्या नजरेसाठीही चष्मा आहे का, आणि तो कायम डोळ्यांवर असतो का? खर्चाची मर्यादा किती? या उत्तरांनुसार सल्ला बदलतो.

झूम हवा असेल आणि कॅमेरा खिशात मावायला हवा असेल, तर सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून वर उघडणारा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आहे, आणि कॅननच्या २०१९ च्या जी५ एक्स मार्क टू मध्येही तशीच रचना आहे. आकार थोडा मोठा चालत असेल, तर पॅनासॉनिकचा एलएक्स१०० किंवा कॅननचा जी१ एक्स मार्क थ्री पाहावा. यांपैकी बरेचसे आता जुन्या मालातच मिळतील. एक गोष्ट मात्र सांभाळा: नवा क्रमांक म्हणजे जास्त सोयी, असे इथे गृहीत धरू नये. २०२५ मध्ये आलेल्या पॅनासॉनिक टीझेड९९ मधून आधीच्या टीझेड९५ मध्ये असलेला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर काढून टाकला आहे, आणि त्याच वर्षीच्या कॅननच्या व्ही१ मध्ये तो नाहीच. म्हणजे ऑप्टिकल गेला ती जागा इलेक्ट्रॉनिकनेही पक्की धरून ठेवलेली नाही. घेण्याआधी प्रत्येक मॉडेलची माहिती स्वतंत्रपणे तपासा.

झूम नको असेल, तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर आजही मिळतो, आणि त्याचे कारण वर आलेच आहे: एकच फोकल लेंग्थ असली, की हलणारी भिंगे लागत नाहीत आणि काच मोठी, उजळ करता येते. फुजीफिल्मची २०११ मध्ये सुरू झालेली एक्स१०० मालिका याचे उत्तम उदाहरण. तिच्यात एका खटक्यावर ऑप्टिकलचा इलेक्ट्रॉनिक आणि इलेक्ट्रॉनिकचा ऑप्टिकल होतो, आणि ऑप्टिकलमध्ये फोटोची चौकट दृश्यावर उजळ रेषेने दाखवली जाते, ती अंतरानुसार सरकून पॅरलॅक्सही भरून काढते. २०२४ चा एक्स१०० सिक्स हा तिच्यातला ताजा कॅमेरा आहे. तो महाग आहे. रिकोच्या जीआर थ्री कॅमेऱ्यावर हॉट शूमध्ये, म्हणजे वरच्या फ्लॅश लावण्याच्या खाचेत, बसणारा जीव्ही-२ हा वेगळा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर लावता येतो, मात्र त्यात फोकस कुठे झाला हे दिसत नाही. २०२५ च्या फुजीफिल्म एक्स हाफमध्येही छोटी ऑप्टिकल काच आहे, आणि त्यात फिल्म कॅमेऱ्याची नक्कल करणारा एक मोड निवडला, तर ठरलेले फोटो संपेपर्यंत स्क्रीन वापरताच येत नाही. तरुण मंडळींना ही गंमत आवडते आहे. आपल्या गरजेसाठी मात्र तो घेऊ नये; ती काच फारच लहान आहे.

आता जुना कॅमेरा घेण्याविषयी. कमी खर्चात काम भागवायचे असेल आणि आपण मुख्यतः चांगल्या उजेडात फोटो काढत असाल, तर कॅननचा जी१२ किंवा जी१६ हा बरा पर्याय आहे. पेन्सिल सेलवर चालणारा ए१२०० किंवा ए१४०० हा त्याहून स्वस्त आहे आणि सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतात, पण त्याच्या काचेकडून फार अपेक्षा ठेवू नये. २००६ च्या आधीचे कॅमेरे शक्यतो टाळा, कारण त्यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डे चालत नाहीत आणि लहान कार्डे आता शोधावी लागतात.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा अन्य कोठेही जुना कॅमेरा हातात घेतलात, तर काचेला डोळा लावूनच झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. दृश्य अडखळत किंवा टप्प्याटप्प्याने उडी मारत बदलत असेल, तर आतला गिअर झिजला आहे किंवा कॅमेरा कधीतरी पडला आहे. मग तो उजळ खिडकीकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहा. हे धागे व्ह्यूफाइंडरमध्ये असले तर फोटोवर काही परिणाम होत नाही, पण व्ह्यूफाइंडरमध्ये बुरशी असेल तर मुख्य लेन्समध्येही ती असण्याची शक्यता मोठी, म्हणून लेन्समध्ये टॉर्च मारून तीही तपासा. शेवटी भिंतीवरच्या एखाद्या चित्राची चौकट काचेच्या मधोमध धरून फोटो काढा आणि स्क्रीनवर पाहा. चित्राच्या चारही बाजूंना जास्तीची भिंत दिसणे साहजिक आहे. एका बाजूला खूप आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसेल, तर ठोकळा तिरका बसला आहे, आणि त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत.

नवा घ्या किंवा जुना, चष्म्याची चाचणी दुकानात उभे राहून करू नका. परवानगी घेऊन कॅमेरा बाहेर उन्हात न्या, रोजचा चष्मा डोळ्यांवर ठेवा, डायऑप्टरचे चाक फिरवून आतली अक्षरे स्पष्ट करा आणि मग चौकटीचे चारही कोपरे डोळा न हलवता एकाच वेळी दिसतात का ते पाहा. ज्या व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा काचेला अगदी चिकटवावा लागतो, त्यात चष्मेवाल्याला कोपरे दिसत नाहीत. तसे झाले, तर तो कॅमेरा कितीही स्वस्तात मिळत असला, तरी परत करा आणि दुसरा मागा.